रंगपटातली शाळा

२००८ साली पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं मला प्रॉडक्ट मॅनेजर केलं, तेव्हा गोव्यात हळर्णला घरी ते समजावून सांगताना माझी दमछाक झाली. ‘हाताखाली किती माणसं?’ बाबांनी विचारलं. एकही नाही. ‘मग ते प्रोग्राम तू लिहितोस?’ नाही. ‘विकतोस?’ तेही नाही. काय बनवायचं, कोणासाठी बनवायचं आणि मुख्य म्हणजे काय बनवायचं नाही, हे ठरवायचं, आणि आपलं ऐकायला बांधील नसलेल्या माणसांना ते पटवायचं, एवढंच काम. बाबा थोडा वेळ गप्प राहिले, मग पगार विचारला.

त्यांचं चुकलं नव्हतं. खुद्द पुण्यातही हा धंदा तेव्हा पोरकाच होता. शहरातल्या बहुतेक कंपन्या परदेशी गिऱ्हाइकाचं काम करून तासांवर बिल लावायच्या. काय बनवायचं ते गिऱ्हाईक ठरवायचं, त्यामुळे ठरवणाऱ्या माणसाची इथे गरजच नव्हती. अमेरिकेत मात्र या कामाचं मूळ १९३१ पर्यंत मागे जातं. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाची जाहिरात सांभाळणाऱ्या नील मॅकेलरॉयनं एका टिपणात मांडलं, की प्रत्येक ब्रँडची जबाबदारी वाहणारा स्वतंत्र माणूस हवा. हाच मॅकेलरॉय पुढे अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. साबणाची ती रीत सॉफ्टवेअरवाल्यांनी उचलली. अमेरिकेतच १९७६ मध्ये प्रॉडक्ट डेव्हलपमेंट अँड मॅनेजमेंट असोसिएशन उभी राहिली. माझ्या कंपनीत मात्र या पदावर मी एकटा. अडलं तर विचारायचं कोणाला?

त्याच सुमारास पुण्यात ओपन कॉफी क्लब सुरू झाला. मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत शनिवारी मंडळी जमायची. नवीन काबरा आणि अमित परांजपे यांच्या ‘पुणेटेक’मुळे गावात कुठे काय चाललंय ते कळायचं. हा काही प्रॉडक्ट मॅनेजरांचा संघ नव्हता. कंपनी काढलेले, काढू पाहणारे, काढून बुडालेले, असे सगळे तिथे यायचे. व्याख्यानं बरी असायची. त्यातलं आज फारसं आठवत नाही. आठवतो तो नंतरचा टपरीवरचा चहा. सहा महिने खपून आम्ही औषधाच्या दुकानदारांसाठी एक सोय बनवली होती आणि ती कोणीच वापरत नव्हतं. ऑफिसात हे उघड बोलायची सोय नव्हती. त्या चहावर एका अनोळखी माणसाला सांगून टाकलं. त्यानं एवढंच विचारलं, ‘दुकानात गल्ल्यामागे किती तास उभा राहिलास?’ उत्तर शून्य होतं. पुढचा आठवडा मी एका मेडिकलमध्ये काढला. दुकानदाराला संध्याकाळच्या गर्दीत माउसला हात लावायलाही फुरसत नसते, हे तिसऱ्या दिवशी कळलं.

व्याख्यानापेक्षा चहावर जास्त शिकायला मिळालं, यात आमच्या पेडणे तालुक्यात दशावतार पाहून वाढलेल्याला नवल वाटू नये. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. रंगपटात रंग लावता लावता आख्यान ठरतं, आणि नवा पोरगा जुन्या नटाजवळ बसून त्याच्या बोलण्यातून ते उचलतो. नाटक देवळासमोर होतं, पण नट घडतो आत. चहाची टपरी हा आमचा रंगपट होता.

२०१३ च्या फेब्रुवारीत बंगळुरूत आयस्पिर्ट ही संघटना स्थापन झाली. नॅसकॉम या सॉफ्टवेअर उद्योगाच्या संघटनेत सेवा देणाऱ्या कंपन्यांचं वजन जास्त, म्हणून प्रॉडक्टवाल्यांनी वेगळी चूल मांडली. त्यांच्या गोलमेज बैठकांची कल्पना मला अजून आवडते: दहा-पंधरा जण, दार बंद, आणि शिकवणारा तो, ज्यानं ते काम स्वतः करून हात पोळून घेतलेत. लंडनमध्ये २०१० साली पबमधल्या गप्पांतून निघालेलं प्रॉडक्टटँकही आपल्याकडच्या शहरांत पोचलं. इंडिया प्रॉडक्ट मॅनेजमेंट असोसिएशनचं काम तर स्वयंसेवकांवरच चालतं.

मग या कामाची प्रमाणपत्रं आली. त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. परिभाषा पक्की होते, नोकरी बदलताना उपयोग होतो, हे खरं. पण परीक्षेत गिऱ्हाईक नेहमी शहाण्यासारखं वागतं. शिवाय मेळाव्यांत नोकरी शोधणारे आणि माणसं शोधणारे वाढले, तशी फसलेल्या कामाची गोष्ट कोण सांगणार? सगळेच जिंकलेले. त्या काळात मी दोन वर्षं कुठेच गेलो नाही.

२०२० मध्ये हळर्णला परतलो आणि बैठका पडद्यावर आल्या. शापोरा नदीकाठच्या घरात बसून बंगळुरूच्या बैठकीत बोलता आलं, हा फायदाच. पण बैठक संपली की पडदा काळा, चहा आपला आपणच करून प्यायचा.

गोव्यात संघटनांची परंपरा कमी नाही. गोवा चेंबर ऑफ कॉमर्स १९०८ चं. वेर्ण्याला इन्क्युबेशन केंद्र आहे, पण हळर्णहून तिथे जायचं तर शापोरा, मांडवी, जुवारी अशा तीन नद्या ओलांडायच्या. गंमत म्हणजे आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न याच तालुक्यात मिरची पिकवणाऱ्यांनी सोडवला. हरमलच्या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही शेतकऱ्यांच्या संघटनेच्या अर्जावर. आपला माल कोणता, कुठल्या जमिनीतला, त्याचा रंग आणि तिखटपणा कसा, हे अशा अर्जात लिहून द्यावं लागतं. माल म्हणजे नेमकं काय, यावर आम्ही लॅपटॉपवाले तीन-तीन बैठका भांडतो.

२०२३ च्या जानेवारीत मोपाच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. घरून काम करणारे बरेच जण इकडे येऊन राहिले आहेत. त्यांतले आम्ही पाच जण महिन्यातून एका शनिवारी म्हापशाला भेटतो. नाव नाही, वर्गणी नाही. एक मुलगी वेर्ण्याहून दोन नद्या ओलांडून येते. मागच्या वेळी तिनं, चार महिने खपून बनवलेलं आणि कोणीही न वापरलेलं काहीतरी उघडून दाखवलं. मी विचारलं, ‘दुकानात किती तास उभी राहिलीस?’