घरच्या शेडमध्ये बेल्ट ग्राइंडर: बनवणं सोपं, परवडणं अवघड



व्हिडिओत तुम्ही मशीन फिरताना बघितलंत. ठिणग्या उडताना छान दिसतात. पण त्या ठिणग्यांत माझे पैसे कसे उडाले, हे कॅमेऱ्यासमोर नीट मांडता आलं नाही. म्हणून आज लिहूनच काढतो.

कोल्हापुरात माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि मागे पत्र्याची शेड. पहिलं मशीन तिथेच बनवलं. भंगार बाजारात २ एचपीची मोटर स्वस्तात मिळाली, उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून २०० मिमीचं ॲल्युमिनियमचं चाक टर्न करून घेतलं, फ्रेम स्वतः वेल्ड केली. मशीन पहिल्याच दिवशी चाललं. मी खूश. आठवड्यात एका ऊसतोड मुकादमाने ४० कोयते दिले. लोहाराने घडवून, पाणी देऊन आणलेले. मी फक्त साफ करून धार लावायची, नगाला ३० रुपये.

काम दिलं आणि चौथ्या दिवशी ११ कोयते परत आले. "दादा, धारच राहत नाही. दोन सरी तोडल्या की बोथट." हातात घेऊन बघितलं तर धारेच्या कडेला निळा पट्टा. कोयत्याचं पाणी उतरलं होतं, आणि उतरवलं होतं मी.

काय चुकलं? मोटर घेताना नेमप्लेट वाचली नव्हती. ती २८८० आरपीएमची निघाली. आता हा हिशोब वहीत उतरवून घ्या, मशीन बनवण्याआधी हाच करायचा असतो: चाकाचा व्यास मीटरमध्ये × ३.१४ × आरपीएम ÷ ६०. आलेला आकडा म्हणजे बेल्ट सेकंदाला किती मीटर पळतो ते. माझं ०.२ × ३.१४ × २८८० ÷ ६०, म्हणजे साधारण ३० मीटर. जाड लोखंड उतरवायला १५ ते २५ चालतं. पण पाणी दिलेल्या पातळ धारेला ७-८ च्या आसपासच राहिलेलं बरं. मी कोयत्याची धार चौपट वेगाने घासत होतो. साध्या कार्बन स्टीलवर पिवळसर रंग आला की कड २३० अंशांच्या आसपास गेली समजा, निळा आला की ३०० च्या जवळ. निळा रंग पॉलिश करून घालवता येतो हो, गेलेला कडकपणा येत नाही. लोहाराकडून ते ११ कोयते परत पाणी देऊन घेतले, नगाला ४० रुपये मोजून.

आता मशीन कसं असावं ते सांगतो. तीन-चार चाकं लागतात. मोटरवरचं एक, वर बेल्ट ताणणारं एक, आणि पुढे प्लॅटनच्या वर-खाली दोन छोटी. प्लॅटन म्हणजे बेल्टच्या मागची सपाट पट्टी, जिच्यावर आपण काम दाबतो. वरचं चाक मधे किंचित फुगीर टर्न करून घ्या. सपाट केलंत तर बेल्ट घसरून बाहेर येणार म्हणजे येणार. त्याच चाकाला बिजागरीसारखी सोय करून मागे एक बोल्ट द्या, तो फिरवला की बेल्ट डावी-उजवीकडे सरकतो. ताणासाठी साधी स्प्रिंग पुरते. बेअरिंग ६२०३ टूआरएस घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं. उघडं बेअरिंग लोखंडाच्या धुळीत फार दिवस टिकत नाही. मोटरही पूर्ण बंद बॉडीची, मागे पंखा असलेली बघा, याच कारणासाठी.

आज माझ्याकडे १४४० आरपीएमची थ्री फेज मोटर आहे, चाक तेच २०० मिमीचं. पूर्ण वेगाला १५ मीटर, आणि व्हीएफडीने वेग निम्मा केला की साडेसात. घरी सिंगल फेज असली तरी सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी मिळतो. मात्र मोटरच्या प्लेटवर डेल्टाला २३० लिहिलंय का, ते घेण्याआधी बघा. सिंगल फेजची कपॅसिटरवाली मोटर या व्हीएफडीवर चालत नाही, दुकानदार काहीही म्हणो. आणि फार कमी वेगावर तासभर चालवू नका, मोटरचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो आणि मोटर तापते. व्हीएफडी बंद पेटीत ठेवा. अर्थिंग करा, हे वेगळं सांगायला नको.

वापरताना बेल्ट वरून खाली, टेकणीकडे आला पाहिजे. टेकणी आणि बेल्टमध्ये दीड-दोन मिमीच फट ठेवा, जास्त असली की पातळ तुकडा आत ओढला जातो आणि मागोमाग बोट. बेल्टच्या मागे बाण छापलेला असेल तर त्याच दिशेने चढवा. हातमोजे घालू नका. एक तर बेल्टमध्ये अडकतात, दुसरं म्हणजे लोखंड किती तापलंय ते उघड्या बोटांनाच कळतं. बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवायचं, पुसायचं, पुन्हा घासायचं. चष्मा आणि चांगला मास्क कायम. ओढणी, मफलर, लांब बाह्या लांब ठेवा. मशीनच्या खाली पाण्याची बादली ठेवा, ठिणग्या त्यात पडू देत. आणि त्याच शेडमध्ये लाकडाचं काम करत असाल तर भुसा आधी झाडून काढा. ॲल्युमिनियम मात्र या मशीनवर घासू नका. त्याची धूळ लोखंडाच्या ठिणगीने पेटू शकते.

आता पैशाचं. बीबीएमध्ये मला ब्रेक इव्हन काढायला शिकवलं होतं, पण झिजणारा बेल्ट त्यात कुठे लिहायचा हे कोणी सांगितलं नाही. मशीन एकदाच बनतं, बेल्ट रोज लागतो. त्या ४० कोयत्यांना ६० नंबरचे झिर्कोनियाचे दोन बेल्ट गेले, ३८० रुपयांचा एक, आणि १२० नंबरचा एक, २२० चा. एकूण ९८०. मिळाले १,२००. उरले २२०, त्यातून लोहाराचे ४४० वजा करा. दोन दिवस घासून मी २२० रुपये खिशातून घातले. वीज धरलीच नाही.

म्हणजे नुसता बेल्टच नगाला साडेचोवीस रुपये पडत होता आणि मी ३० चा भाव सांगून बसलो होतो. आता भाव असा काढतो: बेल्टचे २५, दहा मिनिटांचं काम तासाला १५० ने म्हणजे २५, वीज आणि झीज ५, वर नफा १५. झाले ७०. मुकादमाने ७० ला नकार दिला. ठीक आहे. दोन हॉटेलं आणि मटणाची तीन दुकानं देतात, कारण त्यांची सुरी बोथट झाली की त्यांचं काम थांबतं.

बेल्ट वाचवायला जाऊन झिजलेला बेल्ट दाबून चालवू नका. कापत नाही म्हटल्यावर तो नुसता तापवतो, आणि पुन्हा तोच निळा पट्टा. माझ्याकडे जुने बेल्ट फेकत नाही, लाकडी मुठींसाठी वेगळे टांगून ठेवतो.

बेल्टचा साइज फ्रेम कापण्याआधी ठरवा. ५० मिमी रुंद आणि १८३० मिमी लांब, म्हणजे २ बाय ७२ इंच, हा सुरी बनवणाऱ्यांचा नेहमीचा साइज आहे. तुमच्या जवळच्या ॲब्रेसिव्हवाल्याला आधी फोन करा. बरेच जण रोलमधून हव्या त्या लांबीचा बेल्ट जोडून देतात, पण किमान किती नग घ्यावे लागतील ते विचारा.

आणि हो, ऑर्डरी सुरू झाल्या की घरगुती मीटरवर मशीन चालवत राहू नका. धंद्याचा वापर घरगुती दरात बसतोच असं नाही, बसत नसताना पकडलं तर महावितरण दंडासह वसूल करतं. मी तिसऱ्या महिन्यात शेडला वेगळं मीटर घेतलं. त्याचा स्थिर आकार वरच्या ५ रुपयांत बसवायचा राहून गेलाय, या महिन्याचं बिल आलं की नवा भाव काढतो.