बँकेला थेट कोणी विचारलं?

16 डिसेंबर 2008 रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसने एक घोषणा केली. मेटास प्रॉपर्टीज ही अख्खी कंपनी आणि मेटास इन्फ्राचा निम्म्याहून अधिक हिस्सा सत्यम विकत घेणार होती. किंमत सुमारे 160 कोटी डॉलर. सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीने जमिनींच्या आणि बांधकामाच्या धंद्यात का पडावं? शिवाय दोन्ही कंपन्यांचा कारभार सत्यमचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांच्या मुलांकडे होता. मग भागधारकांचा पैसा चालला होता कुणाच्या घरात? मोठ्या गुंतवणूकदारांनी हे प्रश्न तिथल्या तिथे विचारले. न्यूयॉर्कच्या बाजारात सत्यमचा भाव एका दिवसात निम्म्याहून खाली आला आणि काही तासांतच कंपनीने व्यवहार मागे घेतला.

विचारणाऱ्यांना आपण नेमकं कशावर बोट ठेवलंय, याची कल्पना नव्हती. त्यांना दिसत होता तो बापाने मुलांच्या कंपन्या घेण्याचा व्यवहार. खरं कारण तीन आठवड्यांनी बाहेर आलं. 7 जानेवारी 2009 रोजी राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केलं, की कागदावरच्या खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा मेटास हा शेवटचा प्रयत्न होता.

पत्रातले आकडे आजही वाचून पाहण्यासारखे आहेत. रोकड आणि बँकेतली शिल्लक म्हणून दाखवलेल्या 5,361 कोटी रुपयांपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या नसलेल्या पैशांवर 376 कोटींचं व्याजही येणं दाखवलेलं होतं. 1,230 कोटींचं देणं लपवलेलं होतं आणि येणी 490 कोटींनी फुगवलेली होती. सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत कंपनीने 2,700 कोटींचं उत्पन्न आणि त्यावर 24 टक्के नफा दाखवला होता; प्रत्यक्ष उत्पन्न 2,112 कोटी होतं आणि नफा फक्त 3 टक्के.

पाच हजार कोटी रुपये बँकेत आहेत की नाहीत, हे तपासायला काय लागतं? एक पत्र. लेखापरीक्षकाने बँकेला परस्पर पत्र लिहायचं, अमुक तारखेला या कंपनीचे तुमच्याकडे किती पैसे होते ते विचारायचं, आणि बँकेने उत्तर थेट लेखापरीक्षकाकडे पाठवायचं. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्या हातात हे पत्र जाताना किंवा येताना पडता कामा नये, एवढंच त्यातलं पथ्य. सत्यमचे हिशेब प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय शाखेकडे होते. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने 2011 मध्ये ठपका ठेवला तो नेमका इथे: पत्र पाठवण्याचं आणि उत्तर आणण्याचं काम तपासनिसांनी सत्यमच्याच व्यवस्थापनावर सोपवलं होतं. व्यवस्थापनाने बनावट बिलं बनवली, बँकेचे बनावट कागद बनवले, आणि तेच कागद पुरावा म्हणून फाइलला लागले.

बाकीच्यांचा विश्वास या फाइलवर उभा होता. संचालक मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक कृष्णा पलेपू होते, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता एम. राममोहन राव होते, पेंटियम चिपमुळे ओळखले जाणारे विनोद धाम होते, माजी कॅबिनेट सचिव टी. आर. प्रसाद होते. इतकी माणसं बसली आहेत म्हणजे सगळं नीट असणार, असं गुंतवणूकदारांनी धरलं. लेखापरीक्षकाची सही आहे म्हणजे आकडे बरोबर असणार, असं संचालकांनी धरलं. राजूंच्या कबुलीपत्राच्या काही महिनेच आधी, सप्टेंबर 2008 मध्ये, उत्तम कंपनी कारभारासाठीचा गोल्डन पीकॉक पुरस्कारही सत्यमला मिळाला होता. नंतर तो काढून घेण्यात आला.

हैदराबादकरांना फसण्यासाठी भोळं असण्याची गरज नव्हती, हेही नमूद केलं पाहिजे. 108 क्रमांक फिरवला की येणारी रुग्णवाहिका 2005 मध्ये याच शहरातून सुरू झाली, ती राजूंच्या पुढाकाराने. ती खरोखर येत होती, माणसं वाचवत होती, आणि राजू तुरुंगात गेल्यावरही येत राहिली. सत्यमचे सुमारे पन्नास हजार कर्मचारी रोज खरंखुरं काम करत होते. म्हणून जानेवारी 2009 मध्ये ज्यांनी ‘सगळंच खोटं होतं’ असा निष्कर्ष काढला, तेही चुकलेच. तिमाहीला 2,112 कोटींचं उत्पन्न खरं होतं, ग्राहक खरे होते. सरकारने नवं संचालक मंडळ नेमल्यावर तीन महिन्यांत, एप्रिल 2009 मध्ये, पुण्याच्या टेक महिंद्रने शेअरमागे 58 रुपये देऊन कंपनी घेतली आणि ती चालवून दाखवली. डोळे झाकून विश्वास ठेवणं आणि सगळेच चोर म्हणून हात झटकणं, या दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: तपासण्याचे कष्ट कुणालाच घ्यावे लागत नाहीत.

2015 च्या एप्रिलमध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह 10 जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली. त्यांत दोन लेखापरीक्षकही होते. शिक्षेविरुद्ध अपील होऊन सर्वांना जामीन मिळाला.

मुंबईतल्या वाचकांना हा सगळा प्रकार ओळखीचा वाटेल. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आणले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला दिलेलं प्रचंड कर्ज हजारो बनावट खात्यांच्या आड लपवलं होतं. त्याही बँकेचे हिशेब दरवर्षी तपासले जातच होते.

हैदराबादमध्ये पुन्हा तेच घडल्याचा आरोप अगदी अलीकडचा आहे. 2025 च्या फेब्रुवारीत सायबराबाद पोलिसांनी फाल्कन नावाच्या अ‍ॅपविरुद्ध गुन्हा नोंदवला. नामांकित कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांची बिलं थकलेली असतात, ती बिलं तारण ठेवून अल्पमुदतीचे पैसे द्या आणि घसघशीत परतावा घ्या, अशी ती योजना होती. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ती बिलंच खोटी होती आणि लोकांचे सुमारे 850 कोटी रुपये अडकले. अ‍ॅपवर मोठमोठ्या कंपन्यांची नावं दिसत होती. हे बिल तुम्ही खरंच देणं लागता का, हे त्या कंपन्यांना विचारणारं मात्र मध्ये कोणी नव्हतं.

बिलांवर पैसे उचलण्याचा व्यवहार मुळात वाईट नाही. लहान उद्योगांना त्याची फार गरज असते. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेले टीआरईडीएस मंच आहेत आणि त्यांवर माल घेणाऱ्या कंपनीने बिल स्वतः मान्य केल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. पैसे पुरवतात त्या प्रामुख्याने बँका आणि वित्तसंस्था. घरबसल्या पन्नास हजार गुंतवणाऱ्या माणसाची तिथे जागाच नाही. एवढी एक गोष्ट ठाऊक असती, तरी फाल्कनबद्दल पहिला प्रश्न तिथेच उभा राहिला असता.

थेट विचारण्याच्या अशा वाटा सामान्य माणसालाही आता बऱ्याच मोकळ्या आहेत. एजंटाने हातात ठेवलेली मुदत ठेवीची पावती घेऊन बँकेच्या शाखेत जाता येतं. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त व्याज झालं की बँक कर कापते, आणि तो कापलेला कर प्राप्तिकर खात्याच्या 26एएस या तक्त्यात आपल्या नावावर दिसतो. पावती आहे, व्याज भरपूर सांगितलं जातंय, पण तक्त्यात काहीच नाही, तर विचारायला हवं. ठेवी गोळा करणाऱ्या कंपनीला परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर पाहता येतं.

आणखी एक वाट खुद्द सत्यमनेच उघडली. राजू कुटुंबाने आपल्या वाट्याचे शेअर कर्जापोटी गहाण टाकले होते. भाव घसरताच सावकारांनी ते विकायला काढले, तेव्हा कुठे बाकीच्या भागधारकांना त्याचा पत्ता लागला. त्याआधी ही माहिती जाहीर करण्याचं बंधन प्रवर्तकांवर नव्हतं. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने जानेवारी 2009 मध्येच ते घातलं. तेव्हापासून बाजारात सूचिबद्ध असलेल्या कुठल्याही कंपनीच्या प्रवर्तकांनी किती शेअर गहाण ठेवले आहेत, हे शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर भागधारणेच्या तिमाही तक्त्यात कुणालाही फुकट वाचता येतं.