राइक्सम्युझियम पुन्हा उघडतं तेव्हा

१३ एप्रिल २०१३ रोजी ॲम्स्टरडॅममधल्या राइक्सम्युझियमचे दरवाजे पुन्हा उघडले. उद्घाटन राणी बेआत्रिक्स यांच्या हस्ते झालं. त्यानंतर अवघ्या १७ दिवसांनी त्यांनी राजपद सोडलं. त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत प्रवेश मोफत होता. मुख्य इमारत २००३ पासून बंद होती. म्हणजे शहरातली एक अख्खी शाळकरी पिढी आपल्या देशाचं सर्वांत मोठं संग्रहालय आतून नीट न पाहताच वाढली होती. रेम्ब्राँ, व्हर्मीर यांच्यासारख्यांची मोजकी चित्रं तेवढी शेजारच्या फिलिप्स विंगमध्ये पाहायला मिळत होती.

काम खरं तर २००८ मध्येच संपायचं होतं. पण १८८५ साली पिएर कायपर्स यांनी बांधलेल्या या इमारतीच्या पोटातून एक सार्वजनिक रस्ता जातो आणि त्या रस्त्यावरून ॲम्स्टरडॅमकर सायकली दामटतात. स्पॅनिश वास्तुविशारद क्रूस आणि ओर्तिस यांना तिथेच प्रवेशद्वार काढायचं होतं. सायकलस्वारांच्या संघटनेने लढा दिला आणि जिंकला. आराखडा बदलावा लागला. एकूण खर्च ३७.५ कोटी युरोंवर गेला. सायकली आजही तिथूनच जातात, आणि शहराने ही इमारत आपली मानल्याचा याहून चांगला पुरावा शोधूनही सापडणार नाही.

आत गेल्यावर डोळे आधी वर जातात. विसाव्या शतकात कायपर्सची भिंतीवरची रंगीत नक्षी पांढऱ्या रंगाखाली गाडली गेली होती, दोन्ही अंगणांमध्ये दालनं कोंबून उजेडाची वाट बुजवली होती. ती दालनं काढली, अंगणं मोकळी झाली, वर काच आली. चित्रांच्या दालनांच्या भिंतींसाठी ज्याँ-मिशेल विल्मॉट यांनी करड्या रंगाच्या छटा निवडल्या. दिवे एलईडी. प्रतिबिंब न पाडणाऱ्या काचेच्या पेट्या इटलीतून आल्या. फोटो काढणाऱ्याला या शेवटच्या दोन गोष्टींचं मोल लगेच कळतं: पेटीतल्या वस्तूवर स्वतःचाच चेहरा उमटत नाही आणि फ्लॅशची गरज वाटत नाही. फ्लॅशला तर इथे बंदीच आहे, स्टँडलाही. हातात धरून मात्र खुशाल फोटो काढता येतात.

इतकी मोकळीक कुठून आली, हे समजून घ्यायला व्हर्मीरच्या ‘मिल्कमेड’कडे यावं लागतं. साधारण १६६० चं हे चित्र जेमतेम ४५ सेंटिमीटर उंच आहे. दुधाची बारीक धार, पावावर ठिपक्याठिपक्यांनी उमटलेला उजेड, मागच्या पांढऱ्या भिंतीत ठोकलेला एक खिळा आणि त्याची इवलीशी सावली. खिडकीची एक काचही फुटकी आहे. सगळी मजा त्या भिंतीच्या पांढरेपणात आहे. आणि इंटरनेटवर नेमका तोच हरवला होता. या चित्राच्या दहा हजारांवर नकला तिथे फिरत होत्या, त्यांतल्या कित्येक पिवळट पडलेल्या. परिणाम असा, की संग्रहालयाच्या दुकानातल्या पोस्टकार्डावरचे खरे रंग पाहून लोकांना तेच खोटे वाटू लागले!

यावर संग्रहालयाने नकला काढणाऱ्यांमागे वकील लावले नाहीत. उलट पुनरुद्घाटनाच्या आधीच, ऑक्टोबर २०१२ मध्ये, ‘राइक्सस्टुडिओ’ सुरू करून सव्वा लाख कलाकृतींची उत्तम प्रतीची छायाचित्रं मोफत खुली केली. कोणीही उतरवून घ्यावीत, छापावीत, वापरावीत. इमारत पुन्हा उघडण्यातला खरा मोठा निर्णय हाच होता. सरकारी पैशाने जपलेल्या चित्रांच्या प्रतिमांवर कुलूप लावण्यात कसलंच शहाणपण नाही, आणि ते ओळखायला या संस्थेला बंद दरवाजांमागची वर्षं उपयोगी पडली.

पण कॅमेरा मोकळा सोडला की दुसरा प्रश्न उभा राहतो. २०१४ मधलं एक छायाचित्र जगभर फिरलं: रेम्ब्राँच्या ‘नाइट वॉच’समोर बाकावर बसलेली शाळकरी मुलं, सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. लोकांनी नव्या पिढीच्या नावाने बोटं मोडली. प्रत्यक्षात ती मुलं वर्गाचं काम म्हणून फोनवर माहिती शोधत होती, आणि त्याआधी त्यांनी चित्रं लक्ष देऊन पाहिलीही होती. लोक चित्रांपेक्षा पडद्याकडे जास्त पाहतात, ही काळजी संग्रहालयालाही होतीच. २०१५ मध्ये त्याने ‘चित्र काढायला लागा’ अशी मोहीम काढली आणि लोकांच्या हातात वह्या-पेन्सिली दिल्या. फोटोंवर बंदी घातली नाही, फक्त कॅमेरा थोडा वेळ खिशात ठेवायला सुचवलं. हे योग्यच झालं. सिंहाचा पंजा किंवा लेसची कॉलर कागदावर उतरवायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं नजर चित्रावरच राहते.

‘नाइट वॉच’ची गोष्ट न्यारी आहे. २०१३ मध्ये बाकी सगळ्या कलाकृतींच्या जागा बदलल्या. हे १६४२ चं चित्र तेवढं कायपर्सने त्याच्यासाठीच बांधलेल्या दालनात, मूळ जागी परतलं. त्याच्यावर १९७५ मध्ये सुरीचे वार झाले होते, १९९० मध्ये ॲसिड फेकलं गेलं होतं. आग लागली किंवा तसाच प्रसंग आला, तर चित्र खालच्या सायकलमार्गात उतरवण्यासाठी जमिनीत लांबट फट ठेवलेली आहे.

त्याचा सर्वांत थोर फोटो मात्र कुणा पाहुण्याने काढलेला नाही. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे संग्रहालय पुन्हा बंद झालं. १ जूनला ते उघडण्याआधी, मे महिन्यात, ५२८ छायाचित्रं जोडून केलेली ४४.८ गिगापिक्सेलची प्रतिमा सर्वांना पाहायला मिळाली. २०२२ च्या जानेवारीत त्याहून मोठी आली: ८,४३९ छायाचित्रं, ७१७ गिगापिक्सेल. तिच्यात रंगाचा सुटा कणही दिसतो.

या प्रतिमा केवळ हौसेखातर काढलेल्या नाहीत. चित्राच्या कुठल्या भागाला किती इजा झाली आहे, हे त्यांच्यावरून ठरतं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून जुनं वार्निश काढायचं काम सुरू झालं, तेही दालनातच, काचेच्या खोलीत. चित्र हलवलेलं नाही, दालन बंद केलेलं नाही. संवर्धक काम करतात आणि काचेबाहेरचे लोक ते पाहतात.