वैयक्तिक सुरक्षा-शिक्षण, मुलींचे

वैयक्तिक सुरक्षा-शिक्षण, मुलींचे : शाळकरी मुलींना स्वतःच्या शरीरावरील आपला हक्क उमजावा, लैंगिक अत्याचार व त्याची पूर्वतयारी ओळखता यावी आणि तसा प्रसंग ओढवल्यास तो विश्वासू प्रौढ व्यक्तीस सांगता यावा, या हेतूने दिले जाणारे वयानुरूप शिक्षण. व्यवहारात ते ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ या नावाने ओळखले जाते. परंतु हे नाव अपुरे आहे. अश्लील चित्रे दाखविणे, चोरून पाहणे, छायाचित्रे काढणे, भ्रमणध्वनीवरून धमकावणे यांत स्पर्श नसतो. तरीही तो अत्याचारच होय. लैंगिक शिक्षणाशी या विषयाचे नाते असले, तरी दोन्ही एक नव्हेत. प्रजनन व शारीरिक वाढ यांचे ज्ञान देणे हा लैंगिक शिक्षणाचा गाभा आहे, तर सुरक्षितता व साहाय्य मागण्याचे कौशल्य हा सुरक्षा-शिक्षणाचा.

केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी संवाद साधण्यात आला. त्यांपैकी ५३·२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचे सांगितले आणि त्यांत मुलांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिक होते. तेव्हा हे शिक्षण केवळ मुलींनाच हवे, असे नाही. तथापि मुलींच्या बाबतीत प्रश्नाला एक वेगळी बाजू आहे. अत्याचार उघडकीस आल्यावर मुलाची शाळा सहसा सुटत नाही. मुलीची मात्र पुष्कळदा सुटते. ‘आता घरी बस’ हा निर्णय पालक तिच्या काळजीपोटी घेतात आणि त्यापाठोपाठ लग्नाची घाई सुरू होते. सांगितल्याची शिक्षा आपल्यालाच होते, हे मुली मोठ्या बहिणींच्या अनुभवावरून शिकतात. मुलींसाठीच्या कोणत्याही अभ्यासक्रमाला या भीतीचा विचार टाळता येत नाही.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केंप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मारहाण झालेल्या बालकांच्या लक्षणसमूहावर निबंध प्रसिद्ध केला आणि घरातील अत्याचार हा वैद्यकाचा विषय बनला. प्रत्यक्ष मुलांना शिकविण्याचे प्रयत्न मात्र १९७० नंतरच्या दशकात, मुख्यतः स्त्रीचळवळीतून उगवले. ओहायओ राज्यातील कोलंबस येथे १९७८ मध्ये एका शाळकरी मुलीवरील बलात्कारानंतर तेथील स्त्रीसंघटनेने वर्गावर्गांत जाऊन घ्यावयाचे पाठ तयार केले. मिनीॲपोलिस येथील एका नाट्यसंस्थेने त्याच सुमारास स्पर्शांचे प्रकार नाटकातून समजावण्यास आरंभ केला. ‘चांगला’ व ‘वाईट’ स्पर्श ही विभागणी अशा प्रयत्नांतून रूढ झाली.

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेस १९९२ मध्ये मान्यता दिली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत १९९६ मध्ये ‘चाइल्डलाइन’ या दूरध्वनी सेवेचा (क्रमांक १०९८) प्रारंभ झाला. दिल्लीतील ‘राही’, चेन्नईची ‘तुळिर’, मुंबईची ‘अर्पण’ इ. संस्थांनी पुढील काळात या विषयाला वाहून घेतले. शासकीय पातळीवर २००५ मध्ये किशोरवयीनांसाठी शिक्षणकार्यक्रम आखण्यात आला. परंतु त्यातील चित्रे व मजकूर यांवर आक्षेप घेतले जाऊन २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत तो रोखण्यात आला. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात आला. त्याखालील २०२० च्या नियमांनी बालकांसाठी वयानुरूप सुरक्षाविषयक साहित्य व अभ्यासक्रम तयार करण्याची जबाबदारी केंद्र व राज्य शासनांवर टाकली. जो विषय पूर्वी संस्थांच्या उत्साहावर अवलंबून होता, त्याला यामुळे कायद्याचा आधार मिळाला.

आशय व पद्धती : पहिला पाठ शब्दांचा असतो. मराठी घरांत नाक, कान, डोळे यांची नावे मूल बोलू लागताच शिकविली जातात. गुप्तांगांसाठी मात्र ‘शूची जागा’ किंवा नुसते ‘तिकडे’ एवढ्यावर भागविले जाते. ज्या अवयवाला नावच नाही, त्याविषयी तक्रार करता येत नाही. पुढे न्यायालयातही ‘तिकडे हात लावला’ या वाक्याचा अर्थ लावणे अवघड जाते. म्हणून शिक्षिकेने अवयवांची नावे न लाजता, इतर अवयवांच्या बरोबरीनेच सांगावीत, असे तज्ज्ञांचे मत आहे. पोहण्याच्या पोशाखाखाली झाकले जाणारे अवयव ‘खाजगी’, ही शहरी पुस्तकांतील व्याख्या जेथे पोहण्याचा पोशाख कोणी पाहिलेला नाही तेथे निरर्थक ठरते. तेथे आंघोळ, कपडे बदलणे, दवाखान्यातील तपासणी अशी परिचित उदाहरणे घ्यावी लागतात.

‘चांगला’ व ‘वाईट’ या शब्दांऐवजी अलीकडे ‘सुरक्षित’ व ‘असुरक्षित’ हे शब्द वापरतात. अत्याचाराचा स्पर्श सुरुवातीस सुखदही वाटू शकतो, तर इंजेक्शनचा स्पर्श दुखतो. शिवाय ‘वाईट’ स्पर्श झाला म्हणजे आपण वाईट झालो, असा अर्थ लहान मूल सहज काढते. कायद्याचीही दृष्टी अशीच आहे. कपड्यांवरून केलेला स्पर्श हा कायद्यातील ‘लैंगिक हल्ला’ नव्हे, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द ठरवून लैंगिक हेतू हाच निर्णायक घटक असल्याचे स्पष्ट केले.

सर्वांत अवघड पाठ परिचितांविषयीचा. अनोळखी माणसाने दिलेले चॉकलेट घेऊ नये, ही सूचना प्रत्येक घरात दिली जाते. पण उपर्युक्त पाहणीत निम्मे अत्याचारी बालकाच्या ओळखीचे वा विश्वासाच्या नात्यातील आढळले. आपल्याकडे शेजारी, वाहनचालक, शिकवणीचे शिक्षक हे सारे ‘काका’, ‘मामा’ किंवा ‘दादा’ असतात. संबोधनाबरोबरच विश्वासही दिला जातो आणि ‘मोठ्यांचे ऐकावे’ या शिकवणीने तो पक्का होतो. पाहुण्यांसमोर ‘लाजतेस काय, काकांना पापा दे’ असे म्हणून मुलीला पुढे ढकलणारी आई तिला नकळत हेच शिकवीत असते, की तिच्या नकाराला किंमत नाही. यासाठी पाठात आदर आणि आज्ञापालन यांतील भेद समजावला जातो. वाढदिवसाच्या भेटवस्तूचे गुपित आणि ‘आईला सांगितलेस तर ती मरेल’ असे धमकावून ठेवावयास लावलेले गुपित, यांतील फरक सात-आठ वर्षांच्या मुलीलाही कळतो. पहिले काही दिवसांनी सर्वांना कळणार असते. दुसरे कधीच कळू द्यावयाचे नसते.

बाहुल्या, चित्रे, गोष्टी व नाट्यीकरण ही प्राथमिक वर्गांतील प्रमुख साधने होत. चाइल्डलाइनने तयार केलेला ‘कोमल’ हा अनुबोधपट अनेक शाळांतून दाखविला जातो. ‘नाही म्हण, दूर जा, सांग’ ही त्रिसूत्री रूढ असली, तरी तिच्यातील पहिल्या दोन पायऱ्यांवर फार भर देणे धोक्याचे आहे. भयाने शरीर गोठून जाणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया असते. जिला ‘नाही’ म्हणता आले नाही ती मुलगी पाठ ऐकून स्वतःलाच दोषी मानू लागते. ‘तुला ओरडता आले नाही, तरी चूक तुझी नाही आणि आज नाही तर वर्षानेही सांगता येते’ हे वाक्य पाठात असलेच पाहिजे. विश्वासू व्यक्तींची नावे मुलींकडून हाताच्या पाच बोटांवर लिहून घेतात. पहिल्या व्यक्तीने ऐकले नाही, तर दुसरीकडे जावयाचे. कित्येक मुलींना दोन नावांपुढे जाता येत नाही आणि ही गोष्ट शिक्षिकेला पुष्कळ काही सांगून जाते.

सांगितल्यानंतर : अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी १९८३ मध्ये अत्याचारग्रस्त बालकांच्या वर्तनाचे वर्णन करताना गुप्तता, असहायता, जुळवून घेणे, उशिरा व अडखळत सांगणे आणि सांगितलेले मागे घेणे, असे पाच टप्पे दर्शविले. मुलगी पाठानंतर लगेच सारे सांगेल, अशी अपेक्षा त्यामुळे चुकीची ठरते. ती आधी मैत्रिणीचे म्हणून काही विचारते, वहीच्या शेवटच्या पानावर लिहिते किंवा एखाद्या रस्त्याने जाणे टाळते. ऐकणाऱ्या शिक्षिकेने शांत राहावे, तपशील उकरू नयेत, तिचेच शब्द नोंदवावेत. मात्र ‘हे मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. कारण ते पाळता येत नाही.

पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार अपराधाची माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीवर ती पोलिसांस कळविण्याचे बंधन आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थाप्रमुखाने हाताखालील व्यक्तीचा अपराध दडविल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. मुलीचा जबाब तिच्या घरी वा तिच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. तिला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करावयाची असते आणि तिची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. या तरतुदी वरच्या वर्गांतील मुलींना सांगितल्यास पोलीस व न्यायालय यांविषयीची त्यांची भीती कमी होते. १०९८ ही सेवा २०२३ पासून शासकीय यंत्रणेमार्फत चालविली जाते.

मर्यादा : या शिक्षणाचा उपयोग कितपत होतो, याविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रन समीक्षेत २४ चाचण्यांतील ५,८०२ बालकांची माहिती एकत्र तपासण्यात आली. पाठांमुळे मुलांचे ज्ञान व स्वसंरक्षणाची कौशल्ये वाढतात आणि त्यांची भीती वाढत असल्याचा पुरावा नाही, असे तीत आढळले. प्रत्यक्ष अत्याचार त्यामुळे घटतात, हे मात्र सिद्ध झालेले नाही. पाठ घेतला म्हणून शाळेचे कर्तव्य संपले, ही समजूत म्हणूनच घातक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहात राहणाऱ्या मुलींवरील अत्याचारांची माहिती असूनही ती न कळविल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरवून तत्काळ माहिती देण्याचे महत्त्व अधोरेखित केले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात मुलींनी घरी सांगितले होते. विलंब झाला तो प्रौढांच्या यंत्रणेत. त्यावर लोकांनी रेल्वे रोखून धरली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शाळांतून ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्याचा राज्य शासनाचा निर्णय २०२२ चा होता.

किशोरवयीन मुलींच्या बाबतीत आणखी एक पेच उद्‌भवतो. कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीची संमती ग्राह्य नसल्यामुळे समवयस्क मुलाशी तिने स्वेच्छेने ठेवलेले संबंधही अपराधच ठरतात आणि शिक्षिकेवर माहिती देण्याचे बंधन येते. परिणामी ज्या मुलींना सल्ल्याची सर्वाधिक गरज असते, त्याच गप्प राहतात. गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना कळविताना तिचे नाव उघड करण्याची आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी ठरविले. शिक्षिकांना मात्र अशी मुभा नाही. म्हणून काही अनुभवी समुपदेशिका पहिल्याच तासाला, कोणीही काही सांगण्याआधी, कोणती गोष्ट आपल्याला पुढे कळवावीच लागेल आणि कोणती आपल्याजवळ राहू शकेल, हे मुलींना स्पष्टपणे समजावून देतात.