एक महाल, दोन नावं

अहिल्यानगर शहराच्या, म्हणजे आमच्या नगरच्या, पूर्वेला डोंगरावर चांदबीबीचा महाल आहे. सहलीला आलात तर जरूर बघा. पण खरं सांगू? तो महाल नाहीच! ती आहे मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर. म्हणजे नावं दोन आणि तीन मजली दगडी इमारत मात्र एकच. चांदबीबीच्या महालावर कुणी रेघोट्या ओढल्या, तर त्या सलाबतखानाच्या कबरीवरही दिसणारच, नाही का?

संगणकाच्या पायथॉन भाषेत अगदी असंच घडतं. ही भाषा १९९१ मध्ये प्रथम लोकांसमोर आली. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी नावंही चालतात. समजा, आपण तालुक्यांची यादी केली:

यादी = ["अकोले", "पारनेर", "शेवगाव"]
नवी = यादी

आता ‘नवी’मधून पारनेर काढा. काय होईल? ‘यादी’मधूनही पारनेर गायब! कारण दुसरी यादी तयार झालीच नव्हती. जुन्याच यादीला दुसरं नाव मिळालं, इतकंच. नाव म्हणजे वस्तू नव्हे. नाव म्हणजे वस्तूचा पत्ता.

मग वेगळी यादी हवी असेल तर? असं लिहायचं:

नवी = यादी[:]

कंसातल्या चिन्हाचा अर्थ ‘पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं’. आता खरोखर नक्कल झाली. जणू महालाची शाडूची प्रतिकृती! तिला हवा तो रंग द्या, डोंगरावरची इमारत आहे तशीच राहील.

पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे. आकड्यांच्या कामासाठी पायथॉनला नमपाय नावाचं साधन जोडतात. त्यात आकडे ‘ॲरे’मध्ये ठेवतात. समजा, शाळेतल्या पर्जन्यमापकाची वर्षभराची मापं आपण ॲरेत भरली आणि लिहिलं:

नवी = मापे[:]

दिसायला तेच चिन्ह. पण इथे नक्कल होत नाही! मिळते ती मूळ ॲरेकडे उघडणारी एक खिडकी. ‘नवी’मधलं एक माप बदललं की मूळ नोंदही बदलते आणि संगणक चकार शब्द काढत नाही. ते माप पुन्हा कुठून आणणार? पाऊस तर केव्हाच पडून गेला!

असं का बरं केलं असेल? ॲरेत आकडे एकाला एक लागून बसलेले असतात. एका आकड्याला ८ बाइट जागा धरली, तर दहा लाख आकड्यांना ८० लाख बाइट लागतात. दर वेळी एवढी नक्कल करायची म्हणजे वेळही जाणार आणि जागाही. म्हणून नुसती खिडकी. नक्कलच हवी असेल, तर ‘कॉपी’ ही आज्ञा स्पष्ट द्यावी लागते.

करून पाहा : आई-बाबांना किंवा ताई-दादाला सोबत घेऊन हे तिन्ही प्रयोग संगणकावर करा. प्रत्येक वेळी आधी वहीत लिहा : ‘नवी’ बदलली तर मूळ बदलेल की नाही? मग पडद्यावर पाहा. आणि महत्त्वाच्या नोंदीला हात लावण्यापूर्वी स्वतःला विचारा, आपल्या हाती नक्कल आहे, की नुसतं दुसरं नाव?