लाईट आहे, केबल शाबूत आहे, तरी नेट बंद? घोळ राउटरच्या वाटांमध्ये असू शकतो

पीकविम्याची मुदत संपत आलेली आणि सेतू केंद्रात नेट बंद. केबल तुटलेली नाही, डब्यावरचे दिवे हिरवे. चौकशी केली की उत्तर एकच, ‘वरून प्रॉब्लेम आहे.’ हा वरचा प्रॉब्लेम कधी कधी राउटरच्या वाटांचा असतो.

वाटा कशा कळतात?
प्रत्येक राउटरकडे वाटांची यादी असते. राउटर एकमेकांना विचारून ती भरतात, पण विचारायच्या पद्धती वेगळ्या. आरआयपी ही जुनी पद्धत मधले टप्पे मोजते. 15 पर्यंत ठीक, 16 म्हणजे वाट बंद. ओएसपीएफ लाईनच्या क्षमतेवरून खर्च ठरवते. नेटवर्कच्या दोन भागांत दोन पद्धती असतील, तर सीमेवरचा राउटर एकीकडच्या वाटा दुसरीकडे सांगतो. याला रूट रीडिस्ट्रिब्युशन म्हणतात.

घोळ कुठे होतो?
पहिला, मापाचा. सिस्कोच्या राउटरवर ओएसपीएफच्या वाटा आरआयपीला देताना टप्प्यांचा आकडा नेमून दिला नाही, तर त्या पुढे जातच नाहीत.
दुसरा, परतीचा. जायची वाट कळवली, यायची राहिली. मागणी पोचते, उत्तर येत नाही.
तिसरा, चकव्याचा. सीमेवर दोन राउटर असले की एकाने ओएसपीएफला दिलेली आरआयपीची वाट दुसऱ्याकडे पोचते. सिस्कोत ओएसपीएफला 110, आरआयपीला 120 असा क्रम असतो आणि लहान आकडा जिंकतो. मग दुसरा राउटर स्वतःची सरळ वाट सोडून वळसा धरतो. तीच वाट त्याने आरआयपीला परत दिली, तर डेटा तिथल्या तिथेच फिरत राहू शकतो.

शोध कसा घ्यायचा?
आधी सीमेवरच्या राउटरची यादी बघायची. जी वाट त्याच्याच यादीत त्या पद्धतीने आलेली नाही, ती तो पुढे देणार नाही. मग पुढच्या राउटरवर ती पोचली का, ते बघायचं. नंतर परतीची वाट. शेवटी ट्रेसरूट; त्यात तेच दोन पत्ते आलटून पालटून दिसले तर चकवा पक्का. त्यावर उपाय म्हणजे जनावराच्या कानाला बिल्ला मारतात तसा वाटेला टॅग लावायचा आणि तो टॅग दिसला की दुसऱ्या सीमेवर ती वाट माघारी जाऊ द्यायची नाही.

ग्राहकाने काय करावं?
नुसतं ‘नेट नाही’ म्हणू नये. कोणती साईट उघडते, कोणती नाही, किती वाजल्यापासून, हे सांगावं आणि ट्रेसरूटचा फोटो पाठवावा. दुरुस्ती करणाऱ्याचा निम्मा शोध तिथेच वाचतो.