साठ लाखांची नोंद एकेका नावाने

त्र्यंबकेश्वरला गेले की उपाध्ये आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि बाड उघडतात. पणजोबा कधी येऊन गेले, बरोबर कोण होते, ते त्यात सापडते. निघताना आपण घरातली नवी नावे लिहवतो आणि खाली सही करतो. जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेतली नोंद बरीचशी अशीच चालते. तिथे मात्र नाव सांगायला घरातले कुणी उरलेले नाही, असे पुष्कळदा घडते.

दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनी आणि तिच्या साथीदारांनी सुमारे 60 लाख ज्यूंना मारले. त्यांत सुमारे 15 लाख मुले होती. त्यांच्या स्मरणार्थ इस्राएलच्या संसदेने 1953 साली कायदा करून याद वाशेम स्थापन केली. तिथे प्रत्येक मृतासाठी एक साक्षीपत्रक भरतात: नाव, आईवडील, जोडीदार, जन्मगाव, युद्धापूर्वीचा मुक्काम, धंदा, मृत्यूचे ठिकाण आणि मिळाला तर फोटो. माहिती देणाऱ्याने आपले नाते लिहून सही करायची. नातेवाईक नसेल तर शेजारी किंवा ओळखीचा माणूसही पत्रक भरू शकतो. अर्धवट माहितीही घेतात.

पुढचे काम जुळवणीचे. एकच नाव पोलिश, जर्मन आणि यिडिश कागदांत वेगवेगळे लिहिलेले असते. ज्यूंना छावण्यांकडे नेणाऱ्या वाहतुकीच्या याद्या, नाझी छावण्यांची दप्तरे आणि साक्षीपत्रके ताडून एकाच माणसाच्या नोंदी एकत्र लावतात. अशी 48 लाखांहून अधिक नावे जमली आहेत आणि ती कुणालाही मोफत शोधता येतात.

नोंदीला जोड असते ती जाहीर स्मरणाची. नाझींची ऑशविट्झची मृत्युछावणी 27 जानेवारी 1945 रोजी मुक्त झाली. संयुक्त राष्ट्रांनी 2005 साली ठराव करून तो दिवस जागतिक स्मृतिदिन ठरवला. इस्राएलचा स्वतःचा दिवस वसंतात येतो. त्या सकाळी देशभर दोन मिनिटे भोंगा वाजतो, रस्त्यावरच्या गाड्या जागीच थांबतात. कोकणातून तिकडे गेलेले पेणकर, दिवेकर अशा आडनावांचे ज्यूही तेव्हा उभे राहतात.

नाझींच्या छळातून सुटलेले काही जण मुंबईला आले. वॉल्टर कॉफमन हे त्यांपैकी एक ज्यू संगीतकार, 1934 साली आलेले. आकाशवाणीची सकाळची ओळखधून त्यांची. ज्यांच्या घरी रेडिओ वाजत होता, त्यांना ती पाठ असेल.

महाराष्ट्रात ज्यूंचा छळ झाला नाही. तरीही हिटलरच्या नावाचे कौतुक इथे सहज होते. 2006 साली नवी मुंबईत त्याच्या नावाने एक उपाहारगृह उघडले. मुंबईच्या ज्यू समाजाने हरकत घेतली, हत्याकांड म्हणजे काय ते समजावून सांगितले, आणि मालकाने नाव बदलले. द्वेषाला विरोध करायची रीत एवढी साधी असू शकते: गप्प न बसता, माहितीनिशी बोलायचे.

शाळेला हे करायला खर्च येत नाही. प्रजासत्ताक दिनाचे झेंडावंदन झाले की दुसऱ्याच दिवशी 27 जानेवारी असतो. याद वाशेमच्या यादीतून एक नाव निवडावे. त्या माणसाचे वय, गाव आणि धंदा परिपाठात वाचून दाखवावा. पुढे कधी पारावर कुणी म्हणाले, “हिटलरसारखा खमक्या माणूस पाहिजे”, तर त्या मुलांकडे उत्तरादाखल एक नाव तरी असेल.